दंडावरचं घड्याळ

शेवटची आंघोळ घालायला म्हणून प्रमिलाच्या पोलक्याची डावी बाही वर सरकवली आणि माझी सून रेखा तिथेच थबकली. दंडावर घड्याळ होतं. पुरुषी, जाडजूड, पोलादी पट्ट्याचं, निळ्या तबकडीचं. आणि ते चालू होतं. आजूबाजूच्या बायकांनी हात मागे घेतले. एकीला वाटलं ताईत असेल, तिनं वाकून पाहिलं. अंगावरचं सोनं आधीच उतरवून ठेवलं होतं, हे मात्र निघेना. कोणी खाली ओढलं, कोणी साबण लावला. पट्टा उघडतो कुठून तेच कळेना. बाहेरून पुरुषांची हाक येत होती, ऊन कलायच्या आत वैनगंगेवर पोचायचं होतं. शेवटी कोणीतरी पक्कड आणली. मी तोवर भिंतीला टेकून बसले होते. म्हटलं, "पक्कड बाजूला ठेव. सरका." आधी नखानं वरची बारकी पट्टी उचलायची, मग दोन्ही बाजूंची बटणं एकदम दाबायची. ते मला माहीत होतं. घड्याळ सुटलं. खाली कातडीवर पट्ट्याच्या कड्यांचे वळ उमटलेले होते, एकाखाली एक, पांढरे.

घड्याळाच्या तबकडीभोवती एक फिरतं कडं आहे. त्या कड्यावरची खूण पुढे सरकवून ठेवलेली दिसली. मी उठून स्वयंपाकघरात गेले. गॅस कोणीतरी बंद केला होता. भात तळाशी लागला होता. बाकीचा चांगला होता.

माणूस गेला की लोक त्याच्याबद्दल फार गोड लिहितात. वर्तमानपत्राच्या पुरवणीत मी ते वाचते, चौथीपर्यंतचं शिक्षण त्याला पुरतं. प्रमिला गोड नव्हती. ती माझी धाकटी जाऊ. माहेर लालबऱ्याकडचं, बोलणं फटकळ, कामाला वाघीण, आणि एकदा मनात काही धरलं की ते सोडणार नाही. बालाघाटला आमच्या सासऱ्यांनी बांधलेल्या घरात आम्ही दोघी एकाच अंगणात जन्म काढला. एका बाजूला माझी चूल, दुसऱ्या बाजूला तिची. दीर सिंचन विभागात होते, माझे मालक तहसिलीत. दोघेही गेले. माझा दिनू आणि सून माझ्याकडे. तिचा एकुलता एक शैलू मोठ्या मालवाहू जहाजावर इंजिनिअर. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसांचा पोरगा समुद्रावर कसा गेला, हे आम्हाला कधी नीट समजलं नाही. ती म्हणायची, नदीकाठी जन्मला, पाण्यामागे गेला, त्यात विचारायचं काय.

मागच्या गणपतीत शैलू घरी आला तेव्हा त्याच्या हातात हे घड्याळ होतं. पहिल्या जहाजावर एका साहेबाच्या मनगटावर त्यानं असं घड्याळ पाहिलं होतं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते होतं. इतक्या वर्षांनी घेतलं. किंमत त्यानं सांगितली नाही, आम्ही विचारली नाही. पण त्या दिवसांत तो कसा वागायचा ते माझ्या डोळ्यांपुढे आहे. अंगणात खाटेवर बसायचा आणि मनगटाकडे पाहत राहायचा. वेळ पाहायचा नाही. वेळ विचारली तर पुन्हा पाहून सांगायचा. त्यातला सेकंदाचा काटा आपल्या भिंतीवरच्या घड्याळासारखा उड्या मारत नाही, वाहत जातो. पाण्यावर पान वाहत जातं तसा, कुठे अडत नाही, कुठे घाई नाही. मीही एकदा पाहायला बसले आणि चुलीवरचं दूध उतू गेलं. शैलूनं आईच्या कानाला घड्याळ लावलं. टिकटिक नव्हती. तांदळाच्या पोत्याला कान लावला की आत किडा चालल्यासारखी बारीक कुरकुर ऐकू येते ना, तसा आवाज. प्रमिला म्हणाली, "यात तं कीड आहे रे." तो इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

सेल नाही, चाबी द्यावी लागत नाही, हात हलला की आतलं एक वजन फिरतं आणि त्यावर घड्याळ चालतं, असं तो सांगत होता. आम्ही हो हो म्हटलं. पाण्यात खोल बुडी मारणाऱ्यांसाठी केलेलं घड्याळ हे. बाहेरचं कडं फिरवून खूण लावायची, म्हणजे खाली किती वेळ झाला आणि पाठीवरची हवा किती वेळ पुरेल ते कळतं. मी विचारलं, तू बुडी मारतोस का. म्हणाला, नाही. मग जहाजावर घालतोस का. म्हणाला, तेही नाही, इंजिनापाशी मोठ्या यंत्रांचं लोहचुंबक असतं, त्यानं आतली स्प्रिंग बिघडते. "मंग घेतलं काहून?" मी विचारलं. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "पाहासाठी, मोठी आई." मला हसू आलं होतं. पण नंतर वाटलं, घरात एक तरी वस्तू नुसती पाहायला असावी... आमच्याकडे तशी एकही नव्हती.

जायच्या आधी तो आम्हाला दोघींना हट्ट्याची बावडी, म्हणजे तिथली पायऱ्यांची जुनी विहीर, पाहायला घेऊन गेला. इतकी वर्षं जवळ राहून आम्ही ती पाहिली नव्हती. आत उतरलं की दुपार संपते. दगडी खांब, थंडगार ओल, आणि खालचा मजला पाण्यात गेलेला. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून त्यानं बाही वर केली आणि घड्याळासकट हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. प्रमिला ओरडायला वाकली आणि खाली पाहत राहिली. काळ्या पाण्यात हात दिसेनासा झाला आणि घड्याळावरचे ठिपके तेवढे उरले, हिरवट, काजव्यासारखे. तो हात हळूहळू हलवत होता. ठिपके पाण्याखाली इकडून तिकडे जात होते. वर कुठेतरी पारवे घुमत होते. कितीतरी वेळानं प्रमिला म्हणाली, "काढ आता. मले भेव लागून राह्यलं." त्यानं हात बाहेर काढला, घड्याळ आईच्या पदराला पुसलं, आणि आम्ही वर उन्हात आलो. मला तर झोपेतून उठल्यासारखं वाटत होतं.

निघताना त्यानं ते आईच्या मनगटात घातलं. सांभाळ म्हणाला. तिचा हात काडीसारखा, घड्याळ फिरून खाली आलं. दोन कड्या काढून आणू का म्हणाला, तर तिनं साफ नकार दिला. त्याच्या हाताचं माप मोडायचं नाही. तो गेल्यावर पहिले काही दिवस तिनं ते मनगटात घालून पाहिलं, भांडी घासताना ते कढईवर आपटायचं. मग एक दिवस तिनं पट्टा कोपराच्या वर चढवला, दंडात, आपल्या वाक्या असतात तसा. तिथे तो बरोबर बसला. वरून पोलक्याची बाही. कोणाला दिसायचं नाही. वेळ पाहायची झाली की बाही वर करून, मान वाकडी करून, आपल्याच दंडाकडे पाहायची. मी म्हणायचे, चिमणी पंख साफ करते तशी दिसतेस. कड्याचा उपयोगही तिनं शोधून काढला. भात लावला की खूण लावायची. समुद्रात बुडी मारणाऱ्यांचं घड्याळ बालाघाटला भात शिजवत होतं.

आणि एक दुपारचा खेळ होता आमचा. घराच्या मागच्या बाजूला तांदळाची कोठी आहे, बिनखिडकीची. जेवणं झाली की ती मला बोलवायची. आम्ही दोघी आत जाऊन दार लोटून पोत्यांवर बसायचो. आधी बाहेर उन्हात घड्याळ धरायचं, मग आत अंधारात पाहायचं. ठिपके पेटायचे. नव्या तांदळाचा वास, बाहेर कोणाच्या तरी रिक्षाची घरघर, आणि मधे ते हिरवं गोल आकाश, त्यात काटा फिरतोय. ती म्हणायची, आता तिकडे तो जेवत असेल. म्हणायची, आता झोपला असेल. मी पोत्याला टेकून पेंगायचे. कधी वाटायचं आपण पाण्याखाली बसलोय, वरून जहाज चाललंय. मग रेखा दार उघडायची, "तुमी दोघी अंदर काय करून राह्यल्या?" आणि सगळं पुन्हा तांदूळ आणि धूळ व्हायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळा, कुऱ्हाड, दिनूची मोटरसायकल, रेखाचं शिलाई मशीन, दिरांचा मोजणीचा फीता. पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूंना तेवढा आराम. प्रमिलानं दंडावरचं घड्याळ काढलं, स्वच्छ पुसलं आणि विळ्याशेजारी ठेवलं. ते तिच्या पोराचं यंत्र, त्यालाही आराम. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दसऱ्याला एकमेकांना सोनं देऊन झालं, तिनं घड्याळ उचललं आणि ते थांबलेलं होतं. तिचा चेहरा असा झाला की मी हातातली आपट्याची पानं खाली ठेवली. ती पाटासमोर बसली ती बसलीच. पोरगा समुद्रात, आणि देवासमोर त्याचं घड्याळ बंद.

मी म्हटलं, "काहून रडून राह्यली? बंद पडलं तं पडलं. सेल संपला असन."

"यात सेल नाई न, बाई," ती म्हणाली.

मी ते उचललं आणि थर्मामीटर झटकतात तसं झटकलं. रागानंच झटकलं खरं तर. काटा हलला आणि वाहायला लागला. कुंकवाचा एक कण काचेवर होता, तो काट्याच्या वाटेत आल्यासारखा दिसत होता. पुढच्या बंदरावरून शैलूचा फोन आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, "आई, त्याले आराम दिला की ते मरते. त्याले हात पाहिजे." तो गमतीनं बोलला. ती ते विसरली नाही.

दिवाळीनंतर त्याचे फोन बंद झाले. आधी वाटलं, जहाज मोठ्या पाण्यात असेल. मग दिनूनं कंपनीच्या ऑफिसात फोन लावला, तिथे कोणी उचलेना. उचलला तेव्हा सांगितलं, थांबा. दुसऱ्या वेळी तेही सांगितलं नाही. टीव्हीवर समुद्रात कुठे कुठे गडबड दाखवायचे आणि रेखा उठून टीव्ही बंद करायची. प्रमिला रडली नाही. तिनं घड्याळ काढणं बंद केलं. आंघोळीलाही काढायची नाही. पाण्यातलंच आहे, मग काढायचं काहून, म्हणायची. झोपेतून उठली की पहिली बाही वर. काटा वाहतोय म्हणजे शैलू आहे. मला हे असलं पटत नाही. मी तिला तोंडावर सांगितलं, दसऱ्याला बंद पडलं होतं तेव्हा तो ठणठणीत होता, तुझ्याशी हसत बोलला. ती म्हणाली, "तवा मले मालूम नव्हतं. आता मालूम आहे."

तिला एकच स्वप्न पडायचं. हट्ट्याची बावडी, पाणी एकेक पायरी वर येतंय, आणि खाली, खूप खाली, ते ठिपके हलताहेत. ती हात घालते, हात पोचत नाही. पाणी गार नाही, कोमट असतं, म्हणायची. भेव नाही वाटत, नुसती झोप येते. सकाळी चहा पिताना ती हे सांगायची आणि मी म्हणायचे, रात्री कमी जेवत जा. पण पुढे पुढे दुपारी डोळा लागला की मलाही पायऱ्या दिसायला लागल्या. ते मी तिला सांगितलं नाही.

थंडीत ती अंगणात घसरली. डावा हात मोडला. दवाखान्यात खांद्यापासून प्लास्टर घातलं आणि घड्याळ काढावं लागलं. मी म्हटलं, दे माझ्याकडे. तर म्हणाली, "तुमी धुणं आपटता." उजव्या हातात घालू दिलं नाही, शैलू डाव्या हातात घालतो म्हणून. ती खाटेवर, हात गळ्यात, आणि घड्याळ उशाशी. दर थोड्या वेळानं उचलायची, हलवायची, ठेवायची. झोपही येईना त्या काळजीनं. मग तिनं रेखाला देवघरातला पाळणा आणायला सांगितलं. जन्माष्टमीला बाळकृष्णाला ठेवतो तो, पितळी, छोटा, घुंगरू लावलेला. बाळकृष्णाला उचलून पाटावर बसवलं आणि पाळण्यात घड्याळ ठेवलं. मी म्हटलं, अगं देवाची जागा ती. म्हणाली, "देव मोठा झाला, बाई. बसू द्या पाटावर." पाळण्याची दोरी तिनं आपल्या पायाच्या अंगठ्याला बांधली. पडल्या पडल्या पाय हलवायची. घुंगरू वाजायचे, घड्याळ झुलायचं, चालायचं.

त्या दिवसांचा विचार केला की मला सगळ्यात आधी ते घुंगरूच ऐकू येतात. हिवाळ्यातली दुपार, अंगणात उन्हाचा चौकोन, भिंतीवर वाळत घातलेली पातळं, आणि आतून ते किणकिण... किणकिण. तिला झोप लागली की पाय थांबायचा, आवाज थांबायचा. तो थांबला की मी जिथे असेन तिथून उठायचे आणि दोरीला एक झोका देऊन परत यायचे. रेखाही द्यायची. दिनू कामावर निघताना द्यायचा. जो जाईल तो जाता जाता दोरी ओढायचा, त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. शेजारची एक बाई प्रमिलाला पाहायला आली, चष्मा घरी विसरलेली, तिनं पाळण्याला हात जोडले, पुढे फूल ठेवलं आणि विचारलं, आज काय आहे? प्रमिला म्हणाली, "रोजच आहे." ती बाई गेल्यावर आम्ही तिघी हसत सुटलो. तिचा मोडका हात दुखेपर्यंत ती हसली. त्या हिवाळ्यात तेवढंच एकदा.

संक्रांतीच्या सुमाराला प्लास्टर निघालं. हात आणखी बारीक झाला होता, पण दंडात घड्याळ बसलं. तिनं स्वतः चढवलं, मला पट्टा लावायला सांगितलं. एका हातानं तिला ती बटणं दाबता येत नव्हती. म्हणून रोज सकाळी मी उघडायचे, ती खालची कातडी पुसायची, मी पुन्हा लावायचे. ते उघडायची रीत मला त्यामुळे पाठ झाली.

त्या दिवशी मी अंगणात वाळवणाला उडदाच्या बड्या घालत होते. तिनं स्वयंपाकघरातून विचारलं, भात तुमच्या वाट्याचाही लावू का. मी म्हटलं, लाव. कड्याची करकर मला अंगणात ऐकू आली, खूण लावताना ते कडं तसं वाजतं. मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. वास आला तेव्हा मी हाक मारली. ती ओट्याशी बसली होती, भिंतीला टेकून, डोळे मिटून. पाय हलत नव्हता... मला आधी तेच दिसलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. शैलूचा पत्ता नव्हता. अग्नी दिनूनं दिला.

घड्याळ माझ्याकडे आलं. माझा दंड जाड, तिथे ते चढत नाही. मनगटावर मात्र नीट बसलं, जणू माझ्याच मापाचं. सुतकात घरातलं काम बंद, बसून राहायचं, लोक येणार, तेच तेच विचारणार, तेच तेच सांगायचं. बसून राहिलं की घड्याळ थांबणार. म्हणून मी लोकांसमोर हात हलवत राहायचे, पदराखाली. येणाऱ्या बायका एकमेकींकडे पाहायच्या. बाहेर गेल्यावर रेखाला म्हणायच्या, जाऊ गेल्याचं फार लावून घेतलं म्हातारीनं, हाताला कंप आला. रेखानं कोणाला काही सांगितलं नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण तिनं ते इतके दिवस चालवलं होतं. माझ्या हातात येऊन थांबलं असतं तर ते मला चाललं नसतं. जेवायच्या वेळी तेवढा दुसऱ्या कोणाचा पाय लागायचा. घड्याळ पाळण्यात, आणि दोरी दिनूच्या अंगठ्याला.

तेराव्याला तिच्या वस्तूंचं दान करायचं ठरलं. गादी, चादर, तांब्या, चपला, छत्री. लालबऱ्याहून आलेला तिचा भाऊ म्हणाला, तिच्या अंगावरचं घड्याळही द्यायला पाहिजे, नाहीतर तिचा जीव त्यात अडकून राहील. म्हातारा मनापासून बोलत होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, हे तिचं नाही. ज्याचं आहे तो येऊन घेईल. तो म्हणाला, "आणि नाही आला तं?" इतके महिने जे कोणी बोललं नव्हतं ते त्यानं बोलून टाकलं होतं. मी हात हलवत होते. म्हटलं, "तं मी मरेपर्यंत माह्या हातात राहीन. तुमी छत्री द्या."

त्यानंतर थोड्या दिवसांनी रेखाच्या मोबाइलवर परदेशी नंबरचा फोन आला. तिनं हॅलो म्हटलं आणि फोन माझ्या हातात दिला. शैलू होता. जहाजाच्या मालकानं जहाज वाऱ्यावर सोडलं होतं. परक्या बंदराबाहेर नांगर टाकून माणसं अडकली होती, पगार बंद, फोनचं बिल भरलं नाही म्हणून फोन बंद, खाणं मोजून. आता त्यांना उतरवलं होतं. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मोठी आई, आईले दे."

मी म्हटलं, "तुझी आई गेली, शैलू. भात लावता लावता गेली. तरास नाई झाला."

फोनमध्ये वारा ऐकू येत होता. समुद्रावरचा असेल. डोळ्यांपुढे काटा वाहत होता. शेवटी विचारलं, "तू जेवला का?"

"हौ," तो म्हणाला.

खोटं बोलला होता. ते तो घरी आला तेव्हा कळलं. मोहाची फुलं पडायला लागली होती त्या सुमाराला आला. दिनू त्याला स्टेशनवरून घेऊन आला आणि दारात मी त्याला क्षणभर ओळखलं नाही. गालफडं बसलेली, सदरा खुंटीला टांगल्यासारखा. आईच्या खाटेवर बसला. मी मनगटातलं घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते कानाला लावलं, गणपतीत आईच्या कानाला लावलं होतं तसंच. मग डाव्या मनगटात घातलं, पट्टा बंद केला, आणि हात खाली सोडला तर घड्याळ घसरून तळहातावर आलं. त्याच्याच मापाचं होतं, एक कडी काढलेली नव्हती. त्यानं ते पुन्हा वर सरकवलं, पुन्हा खाली आलं. मग त्यानं बाही वर केली आणि घड्याळ सरळ कोपराच्या वर चढवलं, दंडात, आणि वरून बाही खाली ओढली. रेखानं तोंड उघडलं. मी तिच्याकडे पाहिलं, ती गप्प बसली. त्याची आई ते कुठे घालायची हे त्याला आम्ही अजून सांगितलेलं नाही. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो, पण हे छापून आलं की इथे वाचेल.

तो रोज दुपारी त्या खाटेवर झोपतो. बाळकृष्ण पाळण्यात परत गेला आहे. झोपेत शैलूचा हात अधूनमधून हलतो, पोलादाचा बारीक आवाज येतो, आणि मी अंगणात हातातलं काम सोडून तो ऐकते. जहाजावरची सगळी माणसं घरी पोचली, तो सांगतो. या घरातून प्रमिला गेली. शैलू आहे, आणि मी आहे.